खडकदरीची सुपारी

"बोर्ड खाली घे म्हणते ना! घे खाली!"

नारायणगावच्या भर रस्त्यात, सकाळी सकाळी, डोक्याला अजून फणी लागली नव्हती आणि मी समोरच्या राहुटीपुढं स्टुलावर चढलेल्या माणसावर ओरडत होते. त्याच्या हातात हातोडी, ओठांत खिळे. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग राहुटीच्या दाराकडं बघितलं. दारात माझा थोरला भाऊ तुळशीराम तांब्या घेऊन चूळ भरत उभा होता.

"ठोक रे," दादा म्हणाला.

त्यानं ठोकला. 'अनुसयाबाई टाकवेकर सह तुळशीराम टाकवेकर लोकनाट्य तमाशा मंडळ.' वर आमच्या आईचा फोटो, नऊवारीतला, एक हात कमरेवर. आणि रस्त्याच्या या बाजूला, माझ्या राहुटीवर, तोच फोटो, तीच आई, तीच कंबर, फक्त 'सह'च्या पुढं छबूबाई टाकवेकर. येणारे-जाणारे थांबून दोन्ही बोर्ड वाचायचे आणि दात काढायचे. एक आई, दोन फड! हसतील नाही तर काय करतील लोक?

ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते. पाडव्याच्या सुमारास मोठमोठे फड नारायणगावात राहुट्या टाकतात. राहुटी म्हणजे कापडी तंबू. आत एक टेबल, चार खुर्च्या, मागं पोरींचे फोटो लटकवलेले. गावोगावचे कमिटीवाले जीप भरून येतात, चहा पितात, घासाघीस करतात आणि आपल्या जत्रेसाठी फड ठरवतात. जमलं की नारळ आणि पानसुपारी फडमालकाच्या हातात ठेवायची. एकदा सुपारी दिली की मागं फिरायचं नाही, आणि जिच्या नाहीतर ज्याच्या हातात ती पडली, तो मालक. कागदपत्रं कुणी विचारत नाही.

आमच्याकडं पहिली सुपारी खडकदरीची. मी परकरात होते तेव्हापासून. खडकदरीवाले आले, बाईच्या हातात नारळ दिला, की मगच आमच्या राहुटीत बाकीची गावं पाय ठेवायची. त्या साली सगळ्या रस्त्यावर एकच चर्चा होती, खडकदरी कुणाच्या हातात देणार? पोराच्या की पोरीच्या? ज्याला मिळाली नाही, त्यानं दुपारपर्यंत राहुटी गुंडाळायची, हे काही कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं. पण ते मला ठाऊक होतं आणि दादालाही.

बाई म्हणजे आमची आई. आम्ही पोरंही तिला बाईच म्हणायचो; फडावर सगळेच म्हणायचे. शंभर-सव्वाशे माणसांचा फड तिनं एकटीनं वाढवला होता. नाचणाऱ्या पोरी, ढोलकीवाले, सोंगाडे, तंबू ठोकणारे, आचारी, ड्रायव्हर. कंपनीच होती ती, फक्त चाकांवरची. पौषात बाईच्या छातीत कळ आली. डॉक्टर म्हणाले, झडप खराब आहे, आता नाच नाही, धूळ नाही, जिनासुद्धा चढायचा नाही. दवाखान्यातल्या खाटेवर पडल्या पडल्या ती आम्हांला म्हणाली, "दोघं मिळून ठरवा आता काय ते."

आम्ही असं ठरवलं म्हणता! दादा म्हणायचा संगमनेर, मी म्हणायची मंचर. दादा म्हणायचा तिकिटावरचा खेळ लावू, मी म्हणायची पोरींचे पाय सुजलेत, दोन दिवस थांब. एकदा काय झालं, दादानं ट्रक पुढं काढले आणि मी पोरींना थांबवलं. तिकडं तंबू उभा, दिवे लागलेले, लोक तिकिटं काढून बसलेले, आणि नाचायला कुणी नाही! लोकांनी कनात फाडली. आचाऱ्याचं डोकं फुटलं. त्याच्या टाक्यांवरून आम्ही दवाखान्याच्या व्हरांड्यात इतके भांडलो की नर्सनं दोघांनाही बाहेर काढलं. त्यानंतर आम्ही बोलणं टाकलं. त्याच्याकडं ट्रक, तंबू, जनरेटर. माझ्याकडं पोरी, ढोलकी आणि सोंगाड्या. म्हणजे कुणाकडंच फड नाही. पण हे कबूल कोण करणार?

तर ती सकाळ. बोर्ड ठोकून झाला आणि स्टँडच्या बाजूनं एक रिक्षा आली. दोन्ही राहुट्यांच्या बरोबर मध्ये, रस्त्याच्या कडेच्या कडुनिंबाखाली थांबली. आत बाई.

तिनं घराबाहेर पडायचंच नव्हतं. मी पळाले. तिकडून दादाही पळत आला. तोवर दोन्ही राहुट्यांतून माणसं खुर्च्या घेऊन धावली, एक लाल, एक निळी.

"बाई, इकडं बसा सावलीत."

"बाई, आमच्याकडं पंखा हाय."

बाईनं दोन्ही खुर्च्यांकडं बघितलं. "मी इथंच बरी हाय," म्हणाली आणि पदर सारखा करून रिक्षात मागं रेलली.

"म्हंजे किती वेळ?" रिक्षावाल्या हनीफनं विचारलं.

"माझी पोरं शहाणी व्हईस्तोवर."

"मग मी गाडी इकूनच टाकतो बाई," हनीफ म्हणाला आणि बिडी पेटवायला झाडाच्या पलीकडं गेला.

मी दादाकडं बघितलं नाही, त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. दोघं आपापल्या बाजूला परतलो. 

खडकदरीची जीप आली तेव्हा ऊन चढलं होतं. पुढं कमिटीचे अध्यक्ष बबनराव. कडक इस्त्री, डोळ्यांवर काळा चष्मा, माणूस असा गोड बोलणारा की घासाघीस संपल्यावर आपलं काय गेलं ते घरी जाऊन कळावं. मागं चार-पाच मंडळी, आणि सगळ्यांत शेवटी म्हातारे गेनूआण्णा, मांडीवर पिशवी धरून. पिशवीत नारळ. सगळ्या रस्त्याची नजर त्या पिशवीवर.

आधी ते रिक्षापाशी गेले, बाईच्या पाया पडले. बबनराव बराच वेळ खाली वाकून तिच्याशी बोलत होते. तब्येतीची चौकशी करत असतील, मी म्हटलं. मग उठले आणि सरळ दादाच्या राहुटीत शिरले.

मेल्या, आधी तिकडं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोरींनी माझ्यापुढं चहा ठेवला तो तसाच थंड झाला. दादाच्या राहुटीतून हसण्याचे आवाज येत होते. दादा एरवी कधी हसत नाही. मी उठले, बसले, फोटो सरळ केले, परत उठले. अखेर बबनराव बाहेर आले आणि रस्ता ओलांडून माझ्याकडं.

"या मालक," मी म्हटलं.

"मालक तुम्ही, छबूताई. आम्ही आपले गावकरी." खुर्चीवर बसले, चष्मा काढला. "तुळशीरामशेठ नवा तंबू द्यायचा म्हणतात. झालरीचा. अन् दिव्यांची माळ."

"देऊ दे की उभा करून. नाचायला काय खांब नाचणार?"

मंडळी हसली. बबनराव पण हसले. "ते बी खरंच. पर ताई, पोरी तुमच्या, आन् नाचायच्या कुठं? उघड्यावर? आमच्या गावातली पोरं आता टीव्ही बघून शहाणी झाली. त्यांना दिवे पाहिजेत, धूर पाहिजे, नवी गाणी पाहिजेत."

"नवी गाणी हायत."

"आन् खेळ दोन दिवस."

"दोन दिवस? बबनराव, आजवर एकच दिवस खेळ करतोय आम्ही तुमच्याकडं."

"तुळशीरामशेठ दोन म्हणाले." 

मी दोन म्हटलं. काय करणार! मग जेवण. आजवर फडाला जेवण गावाचं असायचं. बबनराव म्हणाले, दादा स्वतःचा आचारी आणतोय, गावाला तोशीस नाही. आचारी! तोच, डोक्याला टाके पडलेला! मी जेवणही सोडलं. मग ते उठले, "जरा इचार करतो," म्हणाले आणि पुन्हा दादाकडं. तिकडून पुन्हा माझ्याकडं. माझे शब्द तिकडं, तिकडचे इकडं. दोन्हीकडं 'मालक, मालक' म्हणत हा माणूस आम्हां दोघांना सोलत होता. मला ते दिसत होतं, दादालाही दिसत असणार, पण थांबणार कोण? थांबला तो गेला. आणि रस्त्याच्या कडेला रिक्षात आमची आई ऊस चघळत बसली होती. कुणी आणून दिला होता देव जाणे.

तिसऱ्या खेपेला बबनराव बसले नाहीत. उभ्यानंच बोलले.

"ताई, आता शेवटचं. तुमचं आन् शेठचं सगळं सारखंच झालं. गाव म्हणतंय, एक मागणी जो पुरी करील त्याला सुपारी."

"बोला."

"दुसऱ्या दिवशी सकाळची हजेरी असती, भैरोबापुढं. त्या हजेरीला बाई स्वतः उभ्या राहिल्या पाहिजेत. एक गवळण. पायात चाळ बांधून."

हजेरी म्हणजे रात्रीच्या खेळानंतर सकाळी सगळ्या फडानं देवळापुढं जाऊन करायची सेवा. उन्हात, दगडी फरसबंदीवर. आजारी माणसानं उभं राहायची ती जागा नव्हे.

"बाईला डॉक्टरनं मना केलंय," मी म्हटलं.

"ठाऊक हाय."

"ठाऊक हाय आन् तरी मागता?"

"एकच गवळण, ताई. इतकी वर्सं बाई उभ्या राहिल्या. गावातल्या म्हाताऱ्या माणसांची इच्छा हाय. बघा, तुमच्या हातात हाय. हो म्हणा, गेनूआण्णा पिशवीतून नारळ काढतात."

गेनूआण्णांनी पिशवीत हात घातलासुद्धा. 

खरं सांगते, त्या घटकेला माझ्या डोळ्यांपुढं नारळ आला. सगळा फड आला. दादाचे ट्रक माझ्या दारात लागलेले, बोर्डावर माझं नाव. दहा वर्षांची असल्यापासून मी त्या फडावर नाचतेय. दादानं काय केलं, डिझेल भरलं! फड माझाच होता. फक्त एक 'हो' म्हणायचं होतं. आणि बाईला विचारलं असतं तर ती तर एका पायावर तयार झाली असती, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर तिला विचारायचं नव्हतं.

"न्हाई," मी म्हटलं.

"इचार करा."

"केला. बाई उभी राहणार न्हाई. आन् तिकडं जाऊन माझ्या भावालाबी सांगा, त्यानं बाईला उभी करतो म्हणून सुपारी घेतली, तर एक पोरगी मी त्याच्या ट्रकात बसू देणार न्हाई. खांबच नाचवू दे त्याला. जावा!"

बबनराव गेले. माझी एक पोरगी, सुमन, रडायला लागली. "ताई, गेली की सुपारी." 

"जाऊ दे," मी म्हटलं. पण दादा हो म्हणणार. तो व्यवहारी माणूस, मूर्ख थोडाच आहे? तो म्हणेल, एक गवळण, दोन मिनिटं, शेजारी डॉक्टर बसवू. आणि बाई चाळ बांधेल. मला तिथं थांबवेना. म्हटलं, भांडण तर भांडण, चार लोकांत तमाशा झाला तर झाला, आमचा धंदाच तो. पदर खोचला आणि निघाले.

अर्ध्या रस्त्यात दादा समोरून येत होता. धोतराचा सोगा हातात, तोंड लालबुंद. आम्ही दोघं रस्त्याच्या बरोबर मध्यावर थांबलो. पौषापासून पहिल्यांदाच समोरासमोर.

"हो म्हणलीस?" त्यानं विचारलं.

"तू म्हणलास?"

"मी आधी इचारलं."

"मी न्हाई म्हणले."

दादा माझ्याकडं बघतच राहिला. पाठीमागून एक ट्रॅक्टर हॉर्न वाजवत होता, त्याचं आम्हांला भान नाही.

"मीबी न्हाई म्हणालो," तो म्हणाला. "पहिल्याच झटक्याला. मला वाटलं तूच हो म्हणशील. म्हणून बबनरावाला सांगितलं, तिकडं जाऊन सांगा, बाईला उभी केली तर खडकदरीच्या घाटात ट्रक आडवा घालीन."

"मी म्हणले, पोरी देणार न्हाई."

"मला वाटलं, तुला बोर्डावरच्या नावापुढं काय दिसत न्हाई."

"आन् मला वाटलं, तुझं काळीज डिझेलचं हाय."

त्याला हसू आलं. खरं हसू, मघाचं गिऱ्हाइकाचं नव्हे. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते थांबेचना. तीन महिने ज्याच्या नावानं बोटं मोडली तो माझ्यासमोर उभा, आणि त्याच्या शर्टाचं वरचं बटण तुटलेलं, कुणी लावून दिलं नव्हतं. ट्रॅक्टरवाला शिव्या देत बाजूनं निघून गेला.

"मग आता काय?" मी नाक पुसत म्हटलं. "सुपारी तर गेली. तिसऱ्याच फडाकडं जातील ते."

"जाऊ दे. दुसरी गावं हायत."

"पण मालक कोण?"

"तू हो."

"तू हो की. ट्रक तुझे."

"पोरी तुझ्या."

सकाळपासून ज्याच्यासाठी जिवावर उठलो होतो ते आम्ही रस्त्यात उभे राहून एकमेकांच्या गळ्यात घालत होतो. तेवढ्यात दादानं माझा दंड धरला. "ए, छबे, तिकडं बघ."

बबनराव जीपकडं गेलेच नव्हते. ते कडुनिंबाखाली रिक्षात डोकं घालून बाईशी बोलत होते.

"बाईला इचारतोय त्यो!" दादा ओरडला आणि आम्ही दोघं पळत सुटलो.

"बबनराव, लांब व्हा!" मी लांबूनच गरजले. "एवढं सांगूनबी शरम न्हाई वाटत? म्हातारीचा जीव घ्यायचाय का तुमच्या भैरोबाला?"

बबनराव दोन पावलं मागं सरले. चष्मा हातात, चेहरा पडलेला. सकाळपासूनचा तो साखर पेरणारा माणूस कुठंच नव्हता. "बाई," ते रडकुंडीला येऊन म्हणाले, "तुम्हीच सांगा आता त्यांना. मला खातील दोघं."

"काय सांगायचं?" दादानं विचारलं.

बाईनं उसाचं चिपाड बाहेर टाकलं, हात पदराला पुसले. 

"त्यानं न्हाई मागितलं ते. मी मागायला सांगितलं. सकाळी पाया पडायला आला तवा कानात सांगितलं, आधी दोघांना घासून घे, मग शेवटी हे माग. बघू कोण हो म्हणतं."

"मला वाटलं तुळशा म्हणंल," बाई म्हणाली. "तुळशा न्हाई तर छबी तरी. एकानं तरी म्हणायचं रे! नुसतं हो म्हणायचं, मग बबननं सुपारी त्याच्या हातात द्यायची आन् मी गुमान घरी जायचं. एवढं सोपं करून ठेवलं व्हतं मी."

"आन् तू मेली असतीस म्हंजे?" मी ओरडले. 

"मेले असते तर देवापुढं मेले असते. सव्वाशे माणसांच्या चुली हायत त्या फडावर. मालकानं आधी त्या बघायच्या, मग आई. मी बघितल्या. तुझा बाप अंथरुणाला खिळला तवा त्याला लोकांच्या वसरीत टाकून मी जत्रा केल्या. मला काय हौस व्हती?" तिचा आवाज चढला आणि मध्येच फुटला. "लेकरं निघाली. दोघंबी लेकरंच निघाली. मालक एकबी निघालं न्हाई."

दादा खाली मान घालून उभा होता. मला संताप आला होता, आणि त्याच वेळी तिच्या मांडीवर डोकं ठेवावंसं वाटत होतं. 

"वाईट वाटलं तुला?" दादानं हळूच विचारलं.

बाईनं त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. डोळे पुसले.

"बरं वाटलं," म्हणाली. "लई बरं वाटलं. पर बरं वाटून फड चालत न्हाई." आणि तिनं रिक्षाचा बार धरून पाय खाली टेकवला. "गेनूआण्णा, आणा ती पिशवी इकडं."

"बाई!" आम्ही दोघं एकदम.

"गप ऱ्हावा. सकाळपासून तुमचंच ऐकतीय. बबन, हजेरीचं गावात सांगितलंस?"

बबनरावांनी मान खाजवली. "मघाशीच गावाला फोन करून बसलोय खरा. मला वाटलं, तुम्ही म्हणालात म्हंजे..."

"मग उभी राहीन. आता माझं ऐक. खेळ एकच दिवस."

"पर बाई, दोघांनीबी दोन..."

"त्ये लेकरांशी बोललास तू. मालकाशी आत्ता बोलतोयस. एक दिवस. जेवण गावाचं, दोन्ही वेळचं, पोरींना दूध वेगळं. तंबू झालरीचा पाहिजे तर घाटातून ट्रक वर आणायला गावाचे ट्रॅक्टर. आन् हजेरीला फरशीवर पाणी मारून ठेवायचं, पाय पोळतात."

आम्ही दोघांनी सकाळपासून जे जे सोडलं होतं, ते तिनं रिक्षाच्या दारात उभी राहून एकेक करून परत घेतलं. बबनराव एकदाच 'पर' म्हणाले, तेही तोंडातल्या तोंडात. मग गेनूआण्णांनी नारळ काढला, पानसुपारी काढली, आणि बाईनं भर रस्त्यात पदर पसरला.

दोन्ही बाजूंचे लोक टाळ्या वाजवत होते. दादानं आपल्या माणसाला हाक मारली, "बोर्ड काढ रे." मी म्हटलं, "माझा पण काढा." दोन्ही राहुट्यांचं सामान दुपारी एकीत आणलं, पण खुर्च्या जास्त झाल्या म्हणून आम्ही दोघं दाराबाहेर उभे. गावं येत होती. आत बाई बोलत होती.

"दोघांपैकी कुणाला चहा सांगता येतो का?" ती आतून म्हणाली.

डॉक्टरांचं म्हणाल तर ते चुकले. बाई त्यानंतर सहा वर्षं जगली आणि सहाही वर्षं फड तिनंच चालवला. आम्ही तिच्या हाताखाली काम केलं. ती गेली आणि दुसऱ्याच हंगामाला आम्ही फड बंद केला. ट्रक एकाला, तंबू दुसऱ्याला. भांडण नाही, तंटा नाही. जो निर्णय घ्यायचा तो मी दादावर टाकायची आणि तो माझ्यावर, आणि तोवर तारीख निघून गेलेली असायची. सव्वाशे माणसं पांगली. सुमन आता पुण्यात कुणाच्या घरी स्वयंपाक करते. कुणी विचारलं की एवढा मोठा फड मोडला कसा, तर दादा सांगतो, "मालक नव्हता." मला त्याचा राग येत नाही. सुमन भेटली की मात्र घशाखाली घास उतरत नाही.

पण मला सांगायची होती ती खडकदरीची हजेरी.

सकाळचं ऊन, देवळापुढं सगळं गाव. फरशीवर पाणी मारलेलं. चाळ बांधायला बाई पायरीवर बसली तेव्हा तिचे पाय सुजलेले होते, वाद्या पुरेनात. मी एका पायाला बांधला, दादानं दुसऱ्या. दोघांनीही तिला शेवटचं विनवलं. तिनं ढोलकीवाल्याला मान हलवली.

तिनं गवळण म्हटली. आवाज चिरका झाला होता, पण एक शब्द चुकला नाही. शेवटच्या ओळीला तिनं एक गिरकी घेतली, अर्धीच, आणि तिथंच फरशीवर खाली बसली. 

लोकांना वाटलं, नाचातलंच आहे. टाळ्यांचा नुसता पाऊस. फेटे उडाले. मला दिसलं, तिचे ओठ पांढरे पडलेत आणि हात छातीवर आहे. मी एका बाजूनं धावले, दादा दुसऱ्या बाजूनं. आम्ही वाकलो, तिच्या खाकेत हात घातला.

"लांब व्हा," ती दातांतून म्हणाली.

"बाई, अगं..."

"लांब व्हा म्हणते ना. टाळ्या चालल्यात अजून."

आम्ही लांब झालो. दादाचा चेहरा रडवेला, माझा जीव अर्धा झालेला. ती फरशीवर बसून होती, मान ताठ, लोकांकडं बघून हसत, घामानं सगळं कुंकू नाकावर ओघळलेलं. टाळ्या संपता संपेनात. मग त्या विरळ झाल्या, मग थांबल्या, आणि लोक पैलवानांच्या आखाड्याकडं वळायला लागले.

तिनं दोन्ही हात वर केले.

"हां," म्हणाली. "आता उचला."